दादाची ट्रायलची मशीन

माझ्या थोरल्या भावाला आमच्या गावात, सौंसरात, सगळे हुशार म्हणत, आणि तो होताही. दुष्ट माणूस हुशार असला की घरच्यांचे काय हाल होतात, ते मात्र कुणी बोलत नसे. ऐंशीच्या दशकाची सुरुवात, गावात टेपरेकॉर्डर मोजक्याच घरी. दादानं नागपूरहून सुटे भाग आणून स्वतःचा टेप बनवला. पांढुर्ण्याचा एक दुकानदार असे टेप विकायला ठेवणार होता, पण आधी घरी ट्रायल घ्यायची, काय बिघडतं ते पाहायचं, असं ठरलं. कॅसेटवरचं झाकण अजून मिळालं नव्हतं. मशीन उघडीच होती.

तेवढ्यात दसरा आला. आमच्याकडे दसऱ्याला शिलाई मशीनपासून पान्यापर्यंत सगळ्याची पूजा होते. आईनं ह्याही मशीनवर हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, सढळ हातानं. दादा हात जोडून उभा. एवढा हुशार माणूस, पण आत काय पडून राहिलं हे त्याच्या डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानदार आला. घरातली गाण्यांची कॅसेट पार घासलेली, तिच्यावर पारख होईना. तो म्हणाला, "माणसाचं बोलणं असन तर लावा."

दादानं आत्याला हाक मारली. आत्या म्हणजे बाबांची बहीण, नवरा गेल्यापासून आमच्याकडेच राहायची. एका नातेवाइकाच्या टेपवर तिचे यजमान कधीतरी गमतीनं बोलले होते: भाजीत मीठ जास्त टाकते, सांगितलं तर ऐकत नाही, पण राहून राहिलो बाप्पा हिच्यासंग. त्यांचं एवढंच तिच्याजवळ उरलं होतं. लुगड्याच्या घडीत ती कॅसेट ठेवायची आणि कुणाच्या घरी टेप दिसला तर लाजत लाजत लावायला सांगायची.

"खराब तर नाही होणार ना रे?" तिनं विचारलं.

"मंग ट्रायल कायले म्हणतेत?" दादा म्हणाला.

ज्याच्या घरचं खायचं त्याला नाही कसं म्हणणार? तिनं आणून दिली. दोनचार शब्द आले आणि मशीननं फीत गिळली. दादानं ओढून काढली तर चुरगळलेली, आणि तिला लाल कुंकू लागलेलं. ते सगळ्यांनी पाहिलं. तरी आई म्हणाली, "नव्या मशीनीत पहिले मेल्या माणसाचा आवाज लावला. दुसरं काय होईन?"

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "आई, कुंकू तू टाकलं." तर मलाच चूप बसवलं. आत्या पेन्सिल घालून फीत हळूहळू गुंडाळत बसली.

दादानं स्पिरिटनं मशीन पुसली, कॅसेट पुन्हा लावली. आवाज थरथरत आला, पण त्यांचाच आला. आत्या तोंडाला पदर लावून हसली. तिला तसं हसताना मी किती वर्षांनी पाहिलं.

"अन् रेकॉर्डिंग?" दुकानदारानं विचारलं.

दादानं तीच कॅसेट मागे नेली. "दुसरी घे ना," मी म्हटलं. "ही तशीही बिघडलीच," म्हणत त्यानं रेकॉर्डिंगची दोन बटणं दाबली. "आत्या, बोल काही."

तिला बिचारीला काय माहीत. ती म्हणाली, "काय बोलू बाप्पा? चांगली बनवली रे तू मशीन. लय मोठा होशीन."

वाजवून पाहिलं तर शब्दन् शब्द साफ. दुकानदार खूश. आईनं मला चहाला पिटाळलं. पुढचं दादानं रात्री जेवताना हसत हसत सांगितलं, म्हणून मला कळलं.

आत्या म्हणाली, "आता त्यांचं लाव."

"त्याच्यावरच तर तुझं भरलं."

तिनं वाकून कॅसेटमधली फीत पाहिली. मग म्हणाली, "मंग माझा आवाज पुसून टाक ना. खालून त्यांचा बाहेर निंगन."

दुकानदाराला हसू आवरेना. दादानं तोंड सरळ ठेवलं. "हाव, निंगन. हे दोन बटणं दाबून चूप बसायचं. बोलायचं नाही." त्यानं फीत मागे नेऊन बटणं दाबून दिली आणि दुकानदाराला घेऊन चहा न घेताच एसटी स्टँडवर गेला.

मी चहा घेऊन आले तर आत्या एकटीच मशीनसमोर बसलेली. कॅसेट फिरत होती, आवाज नव्हता. मी काही विचारणार, तर तिनं ओठावर बोट ठेवलं, मला हाताला धरून शेजारी बसवलं आणि कानात म्हणाली, "बोलू नको. ते निंगून राहिले."