रशीदचाचांना वाचायला दिलेला कागद

मी गाव सोडलं त्या सकाळी आमच्या अंगणात बैल पाडलेला होता. चारी पाय दोराने बांधलेले, मान जमिनीला टेकवलेली, आणि मानेवर गुडघा देऊन बसलेले माझे वडील. खुरांपाशी रशीदचाचा नालबंद पत्र्या, म्हणजे बैलाचे नाल, ठोकत होते. ओठांत चार खिळे धरलेले असल्यामुळे त्यांना बोलता येत नव्हतं. वडिलांना येत होतं, पण बैल सोडून उठता येत नव्हतं. निदान मी तरी स्वतःची समजूत तशीच घातली. मी वाकून त्यांच्या पायांना हात लावला. बैलाच्या डोळ्यावर बसलेली माशी हाकलत ते म्हणाले, "जा. गाडी चुकंल."

चाचांनी हातोडी वर करून निरोप दिला. आई मिरजगावच्या स्टँडपर्यंत आली. तिथून एसटीने मुंबई, मुंबईहून विमानाने इंग्लंड. कव्हेंट्रीत मोटारीचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी लागली होती. वाडीतून परदेशी गेलेला मी पहिलाच माणूस, आणि हे वाक्य मी पुढे सव्वीस वर्षं जिथे तिथे ऐकवलं.

वाडीतल्या आणि माझ्यासारख्या वाडीबाहेर पडलेल्या तुम्हा सगळ्यांसाठी हे लिहितो आहे. तुमच्यातल्या निम्म्यांना आवडणार नाही. मला स्वतःलाही आवडलेलं नाही.

वडिलांना लिहिता-वाचता येत नव्हतं. माझी पत्रं चाचा वाचून दाखवायचे आणि उत्तरंही तेच लिहायचे. चौथी झालेल्या माणसाचं अक्षर इतकं नेटकं कसं, असं मला नेहमी वाटायचं. पत्राखाली वडिलांचा अंगठा असायचा. तिसऱ्या वर्षी मी कळवलं की बहिणीच्या लग्नाला येणं जमणार नाही, रजा मिळत नाही. रजा मिळत होती. पण तिकिटात जाणाऱ्या पैशांत मला जुनी गाडी घ्यायची होती. वडिलांचं उत्तर आलं ते दोनच ओळींचं: "सवडीने ये. घर जागेवरच आहे."

आई-वडील आता नाहीत, पण तो कागद माझ्या पाकिटात अजून आहे. परक्या देशात वाईट दिवस येतात तेव्हा माणसं देवाचं नाव घेतात, मी ती ओळ वाचायचो. इथल्या मराठी मंडळातल्या मित्रांनाही कितीदा तरी ऐकवली. बघा, आमचा अडाणी बाप किती मोठ्या मनाचा.

आता गेल्या वर्षीचं. देशात तो हल्ला झाला. कुठला, ते सांगायला नको. निरपराध माणसं मारली गेली. मीही त्या रात्री नीट जेवलो नाही. दुःख खरं होतं, हे आधीच सांगतो, कारण पुढे दुःखाचं जे काही झालं त्याची मला किळस येते.

दोन दिवसांत आमच्या शहरातल्या मराठी मंडळाची ऑनलाइन मीटिंग भरली. विषय होता महाराष्ट्र दिनाचा कार्यक्रम. अशा वेळी जेवणावळ करणं नैतिकदृष्ट्या योग्य की अयोग्य, यावर दीड तास चर्चा झाली. एका डॉक्टरबाईंनी संवेदनशीलता हा शब्द इतक्या वेळा वापरला की तो झिजला. शेवटी मिसळ ठेवायची आणि श्रीखंड रद्द करायचं, असं ठरलं. मी अनुमोदन दिलं. त्यानंतर हॉलचं बुकिंग कोण करणार यावरून भांडण झालं. मेलेल्या माणसांचं नाव त्या भांडणात निघालं नाही.

वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्यांनी काळे डीपी लावले. मेणबत्त्यांची चित्रं पडली, त्यांच्याच मधे कुणाच्या तरी मुलाला वाढदिवसाच्या शुभेच्छा पडल्या. शुभेच्छा जास्त होत्या. मिरजगावच्या चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला, त्याचा फोटो आला. वर हात जोडलेल्या तीन पुढाऱ्यांचे चेहरे बैलगाडीच्या चाकाएवढे. मेलेल्यांचे फोटो खाली, पोस्टाच्या तिकिटाएवढे. पुढाऱ्यांपैकी एक जण हसत होता. त्याच्याकडे दुसरा फोटो नसावा.

मग बापूचा फोन आला. बापू माझ्या वर्गातला. आता ग्रामपंचायतीत आहे. आमच्या वाडीच्या मारुतीपुढे निषेध सभा ठेवली होती.

"तुझ्यावानी मराठी हितं कुनाला येतंय?" तो म्हणाला. "एक पानभर लिहून दे. रशीदचाचाला वाचाया लावू. लई भारी मेसेज जाईल."

"चाचांनी का वाचायचं?"

"का म्हंजे? त्यांच्यातलं एकच घर हाय की आपल्या वाडीत. त्यांनी बोलल्याबिगर मज्जा न्हाई."

मज्जा, असाच शब्द त्याने वापरला. मी पुढे काही विचारलं नाही.

खरं तर मला विचारता आलं असतं. माझ्याइतकं ते कुणालाच कळलं नसतं. काही वर्षांपूर्वी इकडे असाच हल्ला झाला होता. दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये एका गोऱ्या सहकाऱ्याने मला विचारलं, तुमच्या लोकांचं यावर काय म्हणणं आहे? सगळं टेबल माझ्याकडे पाहू लागलं. 'मी कशाला उत्तर देऊ?' असं म्हणायला हवं होतं. मी घाईघाईने म्हणालो, "मी त्यांच्यातला नाही, मी हिंदू आहे." तो हसला, माझी पाठ थोपटली, आणि तोच प्रश्न पलीकडे बसलेल्या इम्तियाजला विचारला. इम्तियाजने सँडविच डब्यात परत ठेवलं आणि उठून गेला. मी माझं संपवलं.

त्याच कँटीनमध्ये बसून मी चाचांसाठी कागद लिहिला. जेवणाच्या सुट्टीत, अर्ध्या तासात. हल्ल्याचा निषेध, मेलेल्यांबद्दल दुःख, गावाच्या एकोप्याबद्दल चार ओळी. एवढ्यावर थांबता आलं असतं. पण मजकूर मला सपक वाटला. शेवटाला वजन हवं होतं. म्हणून मी लिहिलं, "हे कृत्य करणारे माझ्याच धर्माचं नाव घेतात, म्हणून मी मान खाली घालून आपणा सर्वांची क्षमा मागतो." बापूने हे मागितलं नव्हतं. हे माझं. वाक्य उतरल्यावर मला समाधान वाटलं, आणि मी ते दोनदा वाचलं.

सभेचा व्हिडिओ आला. चाचा सत्तरीला टेकलेले. धुतलेला शर्ट, टोपी, नाकावर घसरलेला चष्मा. माझी पत्रं वाचत असतील तसेच सावकाश वाचत होते. शेवटच्या वाक्यापाशी थांबले. कागदावरून नजर वर केली, समोर बसलेल्या सगळ्या गावाकडे एकदा पाहिलं. मागून कुणीतरी ओरडलं, "मोठ्यानं, चाचा." त्यांनी मोठ्याने वाचलं. टाळ्या पडल्या. ज्या अंगणांमधल्या बैलांची खुरं त्यांनी चाळीस वर्षं मांडीवर घेतली, त्या अंगणांच्या मालकांनी टाळ्या वाजवल्या.

व्हिडिओ पुण्या-मुंबईला फिरून परत माझ्याकडे आला. मंडळातल्या डॉक्टरबाईंनी लिहिलं, "असे सगळे असते तर!" ग्रुपवर बापूने जाहीर केलं की मजकूर आपल्या इंग्लंडच्या साहेबांचा. टाळ्यांच्या चित्रांची रांग लागली. मी हात जोडल्याचं चित्र टाकलं.

दिवाळीनंतर मी गावी आलो तर चाचांच्या घराला कुलूप.

"घोडेगावला गेलं की, लेकीकडं," बापू म्हणाला. "पोरंटोरं चिडवायची जरा. माफीचाचा म्हनायची. ओ माफीचाचा, आज कशाची माफी, आसं. त्यात काय एवढं मनाला लावून घ्यायचं?"

"तुम्ही कुणी बोलला नाहीत?"

"आता काय बोलायचं? मानसं बी म्हनत्यात, काय केलंच नव्हतं तर माफी कशापायी मागितली?"

असं झालं होतं. ज्या माणसावर वाडीत कुणी कधी संशय घेतला नव्हता, त्याच्याकडून मी कबुली वदवून घेतली होती.

घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात चाचा मला सापडले ते कुंपणाकडेला, लिंबाखाली. पुढ्यात पोतं, पोत्यावर पत्र्या आणि खिळे. एक खिलार बैल पाडत होते आणि बैलाचा मालक घाबरट निघाला होता. मला पाहून चाचांनी ना आश्चर्य दाखवलं, ना राग.

"आलास? मान धर त्याची. गुडघा दे."

मी इस्त्रीच्या पँटीने मातीत बसलो आणि बैलाच्या मानेवर गुडघा दिला. चाचांनी खूर तासायला घेतलं. पहिलं खूर तासून झाल्यावर मी म्हणालो, "चाचा, तो कागद मी लिहिला होता."

"ठाव हाय. बापूनं सांगायच्या आदीच वळखला. तुजी पत्रं कोन वाचायचं? शेवटाला तुजं कायतरी जड जड असायचंच."

"मग वाचलंत कशाला? गाळायचं होतं ते वाक्य."

त्यांनी हात थांबवला. "कसं गाळू? समोर सारा गाव, बाजूला बापू, त्याच्या मोबाईलवर तोच मजकूर. एक वळ सोडली असती तर म्हनले असते, बघा, हेच न्हाई वाचलं." मग खुराकडे पाहत म्हणाले, "गाळायचं काम लिहिनाऱ्याचं असतंय. तुज्या बापाचं मी गाळायचो."

"काय गाळायचात?"

"बहिनीच्या लग्नाला तू आला न्हाईस. तुजा बाप दोन दिस जेवला न्हाई. मला म्हनला, लिही, आता येऊच नको म्हनावं. आलास तर उंबऱ्याच्या आत पाय ठिवू देनार न्हाई. तिकडंच मर." चाचांनी पत्री खुरावर बसवून पाहिली. "आता हे कसं लिहायचं? पोरगं परमुलखात. मी आपलं लिवलं, सवडीनं ये. वाचून दाखवलं त्याला. म्हनला, मी हे कवा बोललो? म्हनलं, उद्या बोलशील. रागं भरून बसला खूप वेळ. मग अंगठा दिला."

त्यांनी खिळे ओठांत धरले आणि बोलणं संपलं. चार पत्र्या ठोकून होईपर्यंत मी बैलाच्या मानेवर बसून राहिलो. वडिलांना उठता आलं असतं का, हे मला त्या दिवशी कळलं. आलं असतं. कुणालाही हाक मारून मान धरायला बसवता येतं. एवढंच करावं लागतं.

बैल उठला तेव्हा मी म्हणालो, "चाचा, मी गावात उभा राहून सांगतो. ते वाक्य माझं होतं म्हणून."

"लिहून न्हेऊ नको," चाचा म्हणाले. "आन् आता जा. गाडी चुकंल."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी मारुतीच्या पारावर उभा राहिलो. भजनाला दहा-बारा जण जमले होते. मी सांगितलं की माफीचं वाक्य माझं. चाचांकडे माफी मागण्यासारखं काही नव्हतं. ती मागायला लावली ते आपण, आणि ती लिहिली मी. मला वाटलं होतं कुणी चिडेल, शिवी देईल, वाद घालेल. तसलं काहीच घडलं नाही. हवामानाचा अंदाज ऐकावा तसं त्यांनी ऐकून घेतलं. एकाने टाळ जुळवून पाहिले. बापू म्हणाला, "बरं बरं. झालं न्हवं? बस आता, चहा येतोय." इतक्या माणसांच्या खिशांत मोबाईल होते. एकानेही वर केला नाही.

मग मी तेच ग्रुपवर लिहिलं. खाली एक अंगठा उमटला आणि लगेच निघूनही गेला. सकाळी पाहिलं तर बापूने मला ग्रुपमधून काढलं होतं. वाडीतून बाहेर पडायला मला पूर्वी एक अख्खा दिवस लागला होता.

निघण्याआधी चाचांना फोन केला, सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "किती मानसं हुती?"

"दहा-बारा."

"माज्या वक्ताला सारा गाव हुता," ते म्हणाले. तक्रारीचा सूर नव्हता.

फोन ठेवायच्या आधी मी उगाच रेंगाळलो. ते 'सवडीनं ये' म्हणतील याची वाट पाहत होतो. ते म्हणाले नाहीत. पलीकडे कुठलातरी बैल हंबरत होता आणि त्यांना घाई होती.

घर कुठे, असं कुणी विचारलं की मी अजून मिरजगावजवळचं सांगतो, कारण पासपोर्टावर तेच आहे. पण मी ज्या घराच्या आधारावर सव्वीस वर्षं काढली ते वाडीत कधी नव्हतंच. ते एका नालबंदाच्या अक्षरात होतं, आणि त्या नालबंदाचं घर मी एका वाक्याने उठवलं. पुढच्या सुट्टीत वाडीला जाणार नाही. घोडेगावला बाजाराच्या दिवशी सकाळीच जाऊन लिंबाखाली बसेन. बोलावणं नाही. बैलाची मान धरायला माणूस लागतोच.