चपला काढायची जागा

लिहिणं हे माझं काम नाही, हे मला माहीत आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळं कुठंही तोंड उघडायच्या आधी, आपण बोललं तर चालेल ना, असं मनात विचारून घ्यायची सवय लागली आहे. या वेळी विचारलं नाही. चुकलं असेल तर माफ करा.

मी शहरात आर्किटेक्चर शिकतो. वडील फर्दापूरला, अजिंठ्याची लेणी बघायला येणाऱ्यांना चमकदार दगड विकतात. फोनवर 'जय भीम' झालं की त्यांचा ठरलेला प्रश्न यायचा.

"तुझं काय बांधलं का रं अजून?"

"आबा, आधी कागदावर असतं ते."

"व्हय, पण कागदात ऱ्हायचं कसं माणसानं?"

म्हणून आमच्या वर्गाला खरंखुरं काम मिळालं तेव्हा मी हरखून गेलो. एका जुन्या गोदामात दोन कलाकारांसाठी स्टुडिओ आणि एक गॅलरी करायची होती. मालकांना ज्याचं डिझाइन पसंत पडेल, त्याचं बांधलं जाणार होतं. कलाकारांपैकी एक हिमरू शाली विणणारे चाचा. दुसऱ्या, अजिंठ्याच्या रंगांवर जीव असलेल्या चित्रकार ताई. त्या तेव्हा भाड्याच्या घरात जिन्याखाली बसून चित्रं काढायच्या.

इमारत कलाकारांच्या कामातून सुचली पाहिजे, असं सर म्हणाले. मी ते जरा जास्तच मनावर घेतलं. चाचांच्या स्टुडिओला हिमरूच्या बुट्ट्यांची जाळी दिली, ताईंना लेण्यासारखी अंधारी खोली. गॅलरीला तर अशी कमान काढली, की तिच्याखालून हत्ती गेला असता.

मॉडेल बघायला दोघं कॉलेजात आले आणि वर्गाच्या दाराशीच चपला काढायला लागले. मी "राहू द्या, राहू द्या" म्हणत होतो.

"हुनर की जगा है बेटा," चाचा म्हणाले, "जूते पहन को नई आते."

ताईंनी वाकून आपली खोली बघितली. "अरे, भिक्खूंकडं वीज नव्हती. माझ्याकडं आहे. बिल भरते मी."

चाचांनी जाळीवरून बोट फिरवलं. "दिनभर येइच बुट्टी देखता मैं. अब दीवार पे भी येइच?"

मग दोघं कमानीला सगळ्या बाजूंनी न्याहाळायला लागले. मला वाटलं, भारावले.

"अच्छी है," चाचा म्हणाले. "लेकिन चपला कहाँ निकालना?"

सगळा वर्ग हसला. मी तर लेण्यांच्या दाराशी बुटांच्या ढिगात आपला जोड शोधणारे पाहुणे बघतच मोठा झालो होतो. आमच्या घरातही कुणी चपला घालून आत येत नाही. आणि माझ्या मॉडेलमधली पुठ्ठ्याची माणसं बूट घालून थेट आत शिरत होती!

पांढरा पुठ्ठा संपला होता. बिस्किटाच्या खोक्याचा तपकिरी तुकडा कापून मी तिथंच, दारापाशी एक ओटा चिकटवला. बसायला रुंद, खाली चपलांसाठी कोनाडे, वर सावलीला छप्पर.

"चांगलं ठिगळ लावलंस," ताई म्हणाल्या.

"निदान ठिगळ तरी बांधलं जावं," मी म्हणालो. "आबांना सांगायला होईल."

त्यानंतर कित्येक महिने काहीच कळलं नाही. दुकानात गिऱ्हाईक असेल अशी वेळ बघून मी आबांना फोन करायला लागलो, म्हणजे बोलणं आटोपतं राहायचं. तरी ते गिऱ्हाइकाला थांबवून विचारायचेच.

परवा ताईंचा फोन आला.

"मालकांनी तुझंच डिझाइन घेतलं, पण कमान काढून टाकली. खर्च झेपेना."

"आणि जाळी?"

"तीपण. माझ्या खोलीला मोठी खिडकी मात्र भांडून घेतली मी."

"म्हणजे माझं काहीच राहिलं नाही."

"ऐक तरी! ओटा राहिला. आधी तोच बांधलाय. आतलं काम सुरू व्हायचंय अजून, पण चाचा सकाळपासून कोनाड्यात चपला ठेवून वर बसलेत. कुणी आलं की त्यालाही चपला काढायला लावतात. सांग आबांना, बांधलं म्हणून."