भाजीवालीनं धरलेला फोन

चौबे कॉलोनीच्या कोपऱ्यावर एक बाई लाल भाजी घेऊन बसते. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. भाजीवर पाणी शिंपडताना ती लेकराशी बोलावं तशी भाजीशी बोलते. घरी माझ्याशी बोलणारं कोणी नाही, म्हणून एक जुडी घेतो अन् ऐकत उभा राहतो. तिले मात्र म्हणतो, पाय दुखून राहिले.

त्या दिवशी माझा लेक बायको-पोरं घेऊन मोठ्या जहाजावर चढला होता. त्यानं मलेही विचारलं होतं, पण त्यांची तिकिटं काढून झाल्यावर. मी म्हणलो, "मले नाही यायचं."

भाजी घेतानाच त्याचा व्हिडिओ कॉल आला. मी वाजू दिला. बंद झाला, परत वाजला.

"उठाते काहे नहीं, बाबूजी?"

"जहाज दाखवतील. मले नाही पाहायचं."

"तो मत देखो. बच्चों को तो आप दिखोगे!"

तिनं फोन ओढून घेतला, पदरानं काच पुसली अन् माझ्या तोंडासमोर धरला.

"दादाजी! खिड़की में पूरा समंदर है!" नातू ओरडला. नातीनं विचारलं, "आप क्यों नहीं आए?"

मी तोंड उघडलं, तेवढ्यात फोन कटला. जहाज किनाऱ्यापासून दूर गेलं होतं.

परत किनारा येईपर्यंत फोन लागणार नाही, हे मले माहीत होतं. तरी दुसऱ्या दिवसापासून मी केस विंचरूनच भाजीले निघालो. मी दिसलो की बाई आधी ओले हात पदराले पुसून घ्यायची.