माडाची पोय आणि बुंध्यावरची आळंबी

परीक्षेच्या पेपरात मी ते बरोबर लिहिलं होतं, हे आधीच सांगून टाकतो. फूलझाड आणि लाकडावरची बुरशी यांतला फरक. झाडाचा संसार बराचसा उघड्यावर. बुरशीचं बाहेर दिसतं ते नुसतं फळ, खरी काया लाकडात पसरलेली. पैकीच्या पैकी गुण मिळाले होते.

ऐंशीच्या सुमारास मी केळव्याहून पालघरला कॉलेजात जायचो. शेजारी मासे विकणारी मावशी एकटी राहायची. तिच्या घराला लागून असलेल्या माडाच्या बुंध्याशी कानाएवढ्या तपकिरी आळंब्या आल्या. नारळ पाडणाऱ्या काकांनी कोयत्याच्या मुठीने बुंधा ठोकून पाहिला.

"आतून पोकळ हाय, बाय. पावसाच्या आदी तोडून टाक."

मावशी हादरली. फळत्या माडाविषयी असं बोलणंही आमच्याकडे अभद्र मानतात. तिने मला हाक मारली. "तू झाडांचंच शिकतोस ना? सांग."

मी वर पाहिलं. नुकतीच पोय फुटलेली, पिवळसर फुलांचा तुरा लोंबत होता. काकांचीच री ओढायची, तर मग कॉलेजात जाऊन मी काय दिवे लावले? मी ऐटीत म्हणालो, "फुलावर आलेलं झाड आजारी कसं असेल? ही बुरशी वरवरची. खरवडा आणि चुना लावा." खरवडायला मीच बसलो. मूर्खपणा म्हणायचीही सोय नाही, कारण मला माहीत होतं.

श्रावणात भरदुपारी माड मावशीच्या स्वयंपाकघरावर पडला. तिचा उजवा हात खांद्यापासून मोडला. डोक्यावर माशांची पाटी घेणं कायमचं संपलं.

काका तिला बघायला आले, तेव्हा ती सगळ्यांदेखत ओरडली, "तुज्याच तोंडानं माजा माड खाल्ला!" जमलेल्या बायांनी माना डोलावल्या. काका माझ्याकडे वळले. "पोरा, तू शिकलेला हायस. तू तरी सांग यांना."

मोडलेला बुंधा अंगणातच पडला होता, आतून भुसभुशीत.

"वारा फार होता, काका," मी म्हणालो.

त्यानंतर आमच्या आळीत काकांना कुणी माडावर चढवलं नाही. ते बोईसरला कारखान्यात हमालीला जाऊ लागले. आणि मावशी मात्र शेवटपर्यंत येणाऱ्याजाणाऱ्याला माझ्याकडे बोट दाखवून सांगायची, "माज्या माडाला चांगलं बोलणारा हा एकलाच."