रोटातली काकांची मूठ

काका गेल्याचा फोन आला, तेव्हा रोटाच्या गव्हात त्यांची मूठ पडून गेली होती.

शुक्रवारची सकाळ होती. आंघोळ करून मी देवघरासमोर परात घेऊन बसलो होतो. रविवारी कानबाई बसणार होती.

खान्देशाबाहेरच्या मित्रांसाठी सांगतो. श्रावणात आमच्याकडे कानबाई ही देवी येते. तिच्या रोटासाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळीसाठी, भाऊबंदकीतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायचे. त्याचा रोट कुळातल्यांनीच खायचा.
तो घराबाहेर जात नाही.

काका आमच्या कुळातले नव्हते. ते यावलचे. आडनाव वेगळं, जात वेगळी.

तरी त्यांच्या नावाची मूठ आमच्या परातीत सत्तावन्न सालापासून पडते.

त्या वर्षी फ्लूची साथ आली होती. माझे वडील, म्हणजे आबा, आणि काका धुळ्याला देवपुरात एका खोलीत राहत होते. दोघांचं बी.ए.चं शेवटचं वर्ष. मार्चमध्ये दोघांचीही दांडी उडाली होती. ऑक्टोबरला पुन्हा बसायचं होतं. आजोबांनी आबांना सांगून ठेवलं होतं, यावेळी पास झालास तर ठीक, नाहीतर पुस्तकं ठेवायची आणि औत धरायचं.

पावसाळ्यात साथ पसरली. शेजारच्या खोल्यांमधली मुलं एकेक करून गावी गेली. काकांनीही वळकटी बांधली.

त्याच सकाळी आबांना ताप भरला.

काका स्टँडवर जाऊन परत आले. वळकटी सोडली.
का परत आलात, असं मी त्यांना एकदा विचारलं होतं. म्हणाले, "गाडीत जागा नव्हती."
आबा म्हणायचे, गाडी रिकामी होती.

ताप उतरला, पण आबांना डोळे उघडवेनात. पानावरची अक्षरं हलायची. मग काका दारात बसून मोठ्याने वाचू लागले. नाकातोंडाला ओला पंचा, मांडीवर अर्थशास्त्र. आबा आत भिंतीकडे तोंड करून ऐकायचे. झोप लागली असं वाटलं की काका मध्येच प्रश्न विचारायचे. उत्तर आलं नाही तर तेच पान पुन्हा.

घरमालकीण अक्का समोर भांडी घासायच्या. एक दिवस म्हणाल्या, "आते मी बी पेपर दी येसू."

कोरोनात माझ्या मुलीचे फायनल इयरचे पेपर मोबाइलवर झाले. काकांना त्याचं फार हसू आलं होतं. तिला म्हणाले, "तुझ्या आजोबांचा मोबाइल म्हणजे मी."

आबांना चालता येऊ लागलं, तसे काका त्यांना धरून एस.टी.ने आमच्या गावी घेऊन आले. कानबाईच्या आदल्या दिवशी पोचले. आजी परात घेऊन बसली होती. तिने आबांकडे पाहिलं. नुसती हाडं उरली होती. मग तिने सगळं विचारून घेतलं. भात कोणी केला, कपडे कोणी धुतले, वाचून कोणी दाखवलं.

सगळ्यांच्या मुठी झाल्यावर तिने आणखी एक घेतली.

भाऊबंद म्हणाले, कुळाबाहेरचा आहे, असं चालत नाही.

आजी म्हणाली, "हाऊ बी मनाच पोऱ्या शे. त्यानी मूठ पडी."

ऑक्टोबरच्या परीक्षेत दोघेही पास झाले. आबांना जास्त मार्क पडले. वाचणारा तो आणि मार्क मला, हे आबा शेवटपर्यंत सांगायचे आणि काका शेवटपर्यंत ऐकून घ्यायचे.

काका दर श्रावणात यायचे. गेल्या वर्षी गुडघे चालत नव्हते, तरी आले. मी रागावलो. म्हणाले, "रोट घराबाहेर जात नाही. मग मीच यायचं ना."

आणि यंदा हा फोन.

आबा गेल्यापासून कानबाई बसवणं माझ्याकडे आहे. आजवर कधी खंड पडला नाही. ताप असताना बसवली, नोकरी गेली त्या वर्षी बसवली. तिच्यासमोर बसलं की मला बरं वाटतं. दुसरं काही मागायला मी तिच्याकडे जात नाही.

पण घरात सुतक असेल तर कानबाई बसत नाही.

संध्याकाळी नाना आले. नाना माझे थोरले चुलतभाऊ, भाऊबंदकीत आता तेच मोठे. ओट्यावर बसून त्यांनी चहा घेतला. मग म्हणाले, "परकाना सुतक आपले नही लागस. त्यानी मूठ काढी ले आनि कानबाई बसाड."

मी आतून परात आणली. त्यांच्यासमोर ठेवली.

"नाना, या गहूसमा त्यासना कोणता, तुम्हीच काढी द्या."

नानांनी गव्हावरून हात फिरवला. बराच वेळ फिरवत राहिले. मग उठून गेले.

रात्री भाऊबंदकीच्या ग्रुपवर त्यांचा मेसेज आला. "यंदा कानबाई माझ्या घरी बसेल." पुढे काही लिहिलं नव्हतं.

रविवारी त्यांच्या घरची गाणी आमच्या ओट्यावर ऐकू येत होती. सोमवारी कानबाई विसर्जनाला आमच्या दारावरून नदीकडे गेली. मी आतूनच हात जोडले. तिला सगळं माहीत असणार.
परात झाकून ठेवली होती.

आज काकांचा दहावा. पहाटेच्या गाडीने यावलला आलो. नानाही गाडीत होते. मी त्यांना या म्हटलं नव्हतं.

काकांचे दोन्ही मुलगे न्हाव्यासमोर बसले होते. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. थोरला माझ्याकडे बघत राहिला, मग सरकला. न्हाव्याने विचारलं, तुम्ही कोण?

"घरचाच," नाना मागून म्हणाले. त्यांनी माझी टोपी हातात धरली होती.

मी केस दिले.

काका, या आता. आबांना आमचा नमस्कार सांगा.