दोरीवरचे चार सदरे

मास्तरांकडे चार सदरे होते. अन्न जाईना, अंगावर सगळेच ढिले झाले, तेव्हा त्यांनी मला एकच आत घ्यायला सांगितला. "बाकीच्यांना हात लावू नको रं. आन् जास्तीचं कापड कापू नको, आत दुमडून ठेव. अंग भरून परत येताना लागंल."

मी घाटावरचा, चौथीतून शाळा सुटलेला. कर्जतच्या बाजारात त्यांच्या शिंपीकामाच्या दुकानात राहायचो, त्यांच्याच ताटातलं जेवायचो. कात्री धरायला शिकवलं तेही त्यांनीच. पावसाळा सरेपर्यंत आणखी दोन सदरे आत घेतले, प्रत्येक आधीच्याहून अरुंद. चारही धुऊन दोरीवर टांगले की एकच माणूस पाठमोरा दूर दूर चालल्यासारखा दिसे. वारा नसला तरी शेवटचा हलायचा. मी तिकडं पाठ करून मशीन चालवायचो.

मुंबईच्या डॉक्टरांनी काही लपवलं नाही. "पोटात गाठ आहे. निम्म्याहून जास्त पोट काढावं लागेल. सत्तरीचं शरीर. टेबलावर निभावतील कदाचित, भीती पुढची. छातीत कफ धरला, आतला टाका सुटला, तर हातात काही नाही."

"आन् नाय कापलं तर?" मास्तरांनी विचारलं.

"पाणीसुद्धा उतरायचं नाही."

"आतला टाका कशानं घालता?"

"मेंढीच्या आतड्याचा दोरा असतो."

"बरं हाय तुमचं. आमाला ह्या कंट्रोलात रेशनवर साधं रीळ मिळत नाय." मग माझ्याकडं वळले. "तू सांग रं. देऊ कापू?"

त्यांना दुसरं कुणी नव्हतं. मलाही. मी हो म्हणालो. त्यांच्यासाठी म्हणालो की माझ्यासाठी, हे अजून ठरत नाही.

ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी ताप चढला, छाती घरघरू लागली. मी दोन दिवस त्यांना पाठीला धरून बसतं ठेवलं. ताप उतरला.

परत आले ते चौथ्या, सगळ्यांत अरुंद सदऱ्यात. वाटीवाटीनं पेज, दिवसातून सहादा. संक्रांतीला तिसरा अंगाला बसला. मी दुसऱ्याला इस्त्री करून ठेवली. होळी गेली, तरी तिसराच. आणि वैशाखात एका सकाळी बघतो, तर त्यांनी चौथा घातलेला.

"तिसऱ्यापत्तुरच आलो बघ," म्हणाले. "पैला सदरा तू घालून बघ."

नको म्हणायचं धैर्य झालं नाही. घातला. खांद्यापासून मनगटापर्यंत बरोब्बर बसला. त्यांच्याच अन्नावर मी कधी एवढा भरलो होतो, कळलंच नव्हतं.

दारात खालापूरचं जुनं गिऱ्हाईक उभं राहिलं, उन्हातून आलेलं, डोळे बारीक करून. "मास्तर! वा, चांगले भरलात की! बरं हाय ना आता?"

मागून, कोपऱ्यातल्या चौथ्या सदऱ्यातून उत्तर आलं, "हाय, हाय. बरा हाय."

गिऱ्हाईक माझ्याकडंच बघत हसलं आणि माप द्यायला आत आलं.