कोरं राहिलेलं अर्धं पान

सुहासिनीबाईंनी अडतीस वर्षं दुसऱ्यांचं बोलणं लिहून घेतलं. दिल्लीत संरक्षणाचा अभ्यास करणाऱ्या एका सरकारी संस्थेत त्या स्टेनो होत्या. साताऱ्याच्या मराठी शाळेतून आलेल्या, इंग्रजी बेताचंच. पण लघुलिपीत कानावर पडेल ते रेघांत उतरवायचं असतं, स्पेलिंग कोण विचारतो! सिएटो आणि सेंटो हे देशादेशांचे लष्करी करार कसे जुळले आणि कसे मोडले, हे त्यांनी इतक्यांदा टाइप केलं की त्यांना त्याचं काही वाटेनासं झालं. नोएडातल्या त्यांच्या सोसायटीत पाण्यासाठी दोन बिल्डिंगांनी एकी केली, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "टाकी भरेपर्यंत टिकेल."

उघड चर्चासत्रांच्या वह्या टाइप झाल्या की रद्दीत जायच्या. सुहासिनीबाई विचारून घरी आणायच्या. प्रत्येक वहीच्या पहिल्या पानाच्या कोपऱ्यात बारीक 'श्री' असायचं. दसऱ्याला त्या पेनासोबत वह्यांनाही हळदकुंकू वाहायच्या.

त्यांची भाची मैत्रेयी दिल्लीतच मुनिरक्याला खोली घेऊन पीएचडी करत होती. विषय हाच: आपल्या शेजारी देशांत संरक्षणाची एकजूट का झाली नाही, पुढे होईल का. शनिवारी दुपारी ती आली ती रडवेली होऊन. "मावशी, सर म्हणतात, लहान देशाच्या माणसाचं मत कुठंय? सगळा चॅप्टर दिल्लीच्याच तोंडून बोलतोय. पुढच्या सोमवारी द्यायचाय यार!"

सुहासिनीबाईंनी माळ्यावरून शहाऐंशी सालची वही काढली. त्या वर्षी सगळ्या शेजारी देशांचे प्राध्यापक आले होते. त्या रेघांवर बोट ठेवून वाचू लागल्या, मैत्रेयी लॅपटॉपवर उतरवू लागली. वहीत काठमांडूचे पोखरेलसर बोलायला उभे राहिले, आणि पाचव्या मिनिटाला वाचन थांबलं. पानावर एक उभी रेघ होती. खाली अर्धं पान कोरं.

"पुढे?"

"पुढे ते म्हणाले, हे लिहू नका. मी पेन खाली ठेवलं."

"पण तू तिथंच होतीस ना? आठवतंय तुला?"

"शब्दन् शब्द."

मैत्रेयीनं फोनवर रेकॉर्डिंग सुरू करून तो पुढे सरकवला. "मग सांग. चाळीस वर्षं झाली. आता कोण विचारणार आहे?"

सुहासिनीबाईंनी फोन उलटा करून ठेवला. "त्यांनी माझ्याकडे बघून सांगितलं होतं, मैत्रेयी. खोलीतल्या साहेबांकडे नाही."

"माझी डिग्री अडलीय आणि तुझं हे काय! सख्खी मावशी ना तू?"

ते लागलं. पोरीच्या पाठीवरून हात फिरवावा आणि सांगून टाकावं, असं ओठांवर आलं. त्यांनी देवघराकडे पाहिलं, मग म्हणाल्या, "असतील तर त्यांनाच विचारू. शोध."

मैत्रेयी चहा न घेता गेली. पण शोधलं तिनं. गुरुवारी ती आली, आणि फोनच्या पडद्यावर शाल पांघरलेले नव्वदीचे पोखरेलसर दिसले. त्यांची नात बाजूला बसली होती.

सुहासिनीबाईंनी पदर सावरला. "सर, नमस्कार. आप मुझे नहीं पहचानेंगे. मैं स्टेनो थी."

म्हातारे पडद्याजवळ झुकले. "आपने कलम रख दी थी."

"जी."

"किसी को बताया?"

"नहीं, सर."

"घर में भी?"

"इसीलिए तो भांजी नाराज़ है."

ते खोकला येईपर्यंत हसले. मग म्हणाले, "जिनका डर था, वे सब चले गए. लिखिए."

सुहासिनीबाईंनी तीच वही उघडली, तेच अर्धं पान. निवृत्तीनंतरच्या सहा वर्षांत हातात पेन धरलं नव्हतं. पहिली रेघ वाकडी आली, दुसरी जरा सरळ आली, आणि मग हात आपोआप चालू लागला. पोखरेलसर सांगत होते: धोका आला तर मोठ्या शेजाऱ्याला हाक मारायला लहान देश तयार असतो. त्याची झोप उडते ती वेगळ्याच गोष्टीनं. मदतीला आलेला परत कधी जाईल? तुमच्या दिल्लीच्या कराराच्या प्रत्येक मसुद्यात येण्याचं कलम होतं, जाण्याचं एकातही नव्हतं. अजूनही कुणी एकत्र बसणार असेल, तर आधी जाण्याचं कलम लिहा. बाकीचं मग जमेल.

"बस, इतना ही था," ते म्हणाले.

पान खालपर्यंत भरलं. मैत्रेयी डोळे पुसत टाइप करत होती. तिच्या फोनवर रेकॉर्डिंगचा लाल ठिपका लुकलुकत होता.

"एक बात और," पोखरेलसर थांबले. आवाज एकदम हळू झाला. "यह मत लिखिए."

सुहासिनीबाईंनी पेन खाली ठेवलं. बाजूनं हात आला, आणि मैत्रेयीनं न सांगता रेकॉर्डिंग बंद केलं.

"बोलिए, दादाजी," ती म्हणाली.